पंखा बंद असलेली खोली

आमच्या घरात शांतता फक्त आत्याच्या खोलीत मिळायची. हॉलमध्ये टीव्ही आणि खाली रस्त्यावर रिक्षांचं स्टँड, स्वयंपाकघरात आईचा मिक्सर आणि मिक्सरवर मात करायला तिचा आवाज. आईबाबांच्या खोलीचं दार तर पावसाळ्यात फुगलेलं ते पुन्हा कधी बसलंच नाही. त्यामुळे मला घरून काम करायची नोकरी लागली तेव्हा कॉम्प्युटर कुठे ठेवायचा यावर चर्चा झालीच नाही. बाबांनी आत्याच्या खिडकीखालचं शिवणाचं मशीन हॉलमध्ये आणलं आणि त्या जागी टेबल लावलं. आत्या म्हणाली, "माझी जागा घेतलीस, आता निदान काम तरी नीट कर." ती बाबांची मोठी बहीण, लग्न न केलेली, पनवेलच्याच एका शाळेतून निवृत्त झालेली. तिचं रागावणं आणि लाड करणं एकाच आवाजात चालायचं. कुठलं काय ते ऐकणाऱ्यानं ओळखायचं.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. काम असं होतं, की कुणीतरी कुठेतरी इंग्रजीत दिलेली व्याख्यानं माझ्याकडे यायची आणि मी त्यातले खोकले, अडखळणं, पुन्हापुन्हा म्हटलेली वाक्यं, खुर्च्यांचे आवाज कापून ती स्वच्छ करून परत पाठवायची. मला ते फार आवडायचं. शाळाभर मी शेवटून दुसऱ्या बाकावर बसून दुसऱ्यांचं बोलणं ऐकत आले होते, आणि आता त्याचीच नोकरी मिळाली होती. माझी इंग्रजी शाळा मला एवढ्यापुरती उपयोगी पडली. मराठी मला बोलता यायचं, पण अनोळखी माणसासमोर घाबरले की तोंडातून इंग्रजी बाहेर पडायचं, आणि समोरच्याला वाटायचं, ही शिष्ट आहे. अजूनही कधीकधी वाटतं. मी आता समजावत बसत नाही.

कामासाठी मी दार लावायची, हेडफोन घालायची आणि पंखा बंद करायची. पंख्याचा आवाज हेडफोनच्या आतही शिरायचा आणि व्याख्यानात घुमतोय की खोलीत तेच कळायचं नाही. पनवेलच्या एप्रिलमध्ये पंखा बंद करून बसणं म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. आई दर तासानं कोकम सरबताचा पेला दाराशी ठेवून जायची आणि जाताना ऐकू जाईल इतपत पुटपुटायची, "भट्टीत बसल्यासारखी बसते."

त्या नोकरीवर बरंच काही अवलंबून होतं. बाबांचा धाकटा भाऊ लग्नानंतर इस्रायलला, अश्दोदला गेला होता. आमच्या बेने इस्रायल समाजातले बहुतेक जण कधी ना कधी गेलेच. ज्यांच्या घरी आम्ही लहानपणी सणाला जायचो, त्यातल्या निम्म्या दारांवर आता दुसरी नावं आहेत. बाबा उरणच्या प्लांटमधून निवृत्त होणार होते आणि त्यांनी जायचं ठरवलं होतं. आई त्यांच्याबरोबर. आत्या मात्र पहिल्यापासून नाही म्हणाली होती. "मला इथले भाजीवाले ओळखतात," एवढंच कारण तिनं दिलं आणि तिला दुसरं कुणी विचारलं नाही. राहिले मी. एका शुक्रवारी जेवताना मी म्हणाले, "माझी नोकरी कायम झाली तर मी आत्याजवळ राहीन." बाबा न्यायी माणूस. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "ठीक. सहा महिन्यांनी कायम झालीस तर राहा. नाही झालीस तर आमच्याबरोबर चल." सगळ्यांना ते पटलं. मलाही पटल्यासारखं झालं. मी स्वतः घातलेली अट मलाच इतकी सोयीची का वाटली, याचा विचार तेव्हा केला नाही.

तिसऱ्या महिन्यात कॉम्प्युटर बिघडायला लागला. सरळ बंद पडला असता तर बरं झालं असतं. तो चालायचा, पण मधेच पडदा निळा व्हायचा, काहीतरी माफीनामा दिसायचा आणि तो आपलाआपण पुन्हा सुरू व्हायचा. तेही परवडलं असतं. खरं नुकसान मला दिसतच नव्हतं. मी फाईल पूर्ण करायची, शेवटपर्यंत ऐकायची, पाठवायची, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या सुपरवायझर मॅडमचा फोन यायचा की फाईल उघडत नाही, किंवा सतराव्या मिनिटाला चरचर असा आवाज येतो. मी माझ्याकडची प्रत उघडायची. कधी ती नीट असायची, कधी तिच्यातही ती चरचर असायची, जी काल नव्हती. मॅडम बंगळूरला बसायच्या. त्यांचा आवाज फार सभ्य होता. त्या म्हणायच्या, "रिव्का, प्लीज चेक बिफोर सेंडिंग." मी तपासूनच पाठवलं होतं. पण हे वाक्य तीनदा म्हटल्यावर मलाही ते खोटं वाटायला लागलं. मी पाठवण्याआधी दोनदा ऐकू लागले, मग तीनदा. दिवस त्यातच जायला लागला आणि काम उशिरा जायला लागलं, म्हणजे आता चुकीचं आणि उशिरा, दोन्ही.

कॉम्प्युटर नवा होता, नावाजलेल्या कंपनीचा, वॉरंटीतला. सर्व्हिस सेंटर स्टेशनच्या बाजूला एका इमारतीत पहिल्या मजल्यावर. पहिल्या दोन खेपांना बाबा आले, कारण तो डबा जड होता आणि कारण मी बोलणार नाही हे त्यांना माहीत होतं. काउंटरवर बाबा म्हणाले, "हिच्या कॉम्प्युटरला काहीतरी झालंय." तिथल्या इंजिनिअरनं, त्याचं नाव घरत, बाबांकडे बघूनच विचारलं, "काय डाउनलोड केला हाय का? गानी, पिक्चर?" मी नाही म्हणाले. त्यानं पुन्हा बाबांना विचारलं, "घरात अजून कोन वापरतं?" मी मागे उभी राहून त्याच्या टेबलावरचे स्क्रू मोजत होते. त्यानं मशीन सुरू करताना एक बटण दाबलं, कंपनीची तपासणी उघडली आणि चार मिनिटांत पडदा आमच्याकडे वळवला. मेमरी पास, हार्ड डिस्क पास, प्रोसेसर पास. सगळीकडे हिरव्या खुणा. "विंडोज नवीन टाकून देतो," तो म्हणाला. टाकून दिलं. आठवड्यानं तेच. दुसऱ्या खेपेला पुन्हा हिरव्या खुणा, पुन्हा विंडोज. मी धीर करून विचारलं की एखादा पार्ट बदलून बघता येईल का. तो म्हणाला, "मॅडम, टेस्ट फेल झाली का मशीन एक कोड देते. तो कोड कंपनीला पाठवला का पार्ट येतो. कोड नाय तर पार्ट नाय." जिना उतरताना बाबा म्हणाले, "तो म्हणतो मशीन चांगलं आहे." त्यांनी पुढचं वाक्य म्हटलं नाही. मला ते ऐकू आलं.

घरी मी स्वतः तपासायला लागले. नेटवर वाचून वाचून मला कळलं होतं की अशा चोरट्या बिघाडात बहुतेकदा मेमरी दोषी असते. काम करताना सगळं काही आधी तिच्यात ठेवलं जातं. तिच्यातली एखादीच जागा कच्ची असेल तर तिथे ठेवलेला आकडा बदलतो, आणि त्या आकड्यात त्या दिवशी माझ्या व्याख्यानाचं सतरावं मिनिट असतं. त्यासाठी एक फुकट मिळणारी तपासणी होती. ती पेनड्राइव्हवर घ्यायची, मशीन तिच्यावरून सुरू करायचं, मग ती मेमरीच्या प्रत्येक जागेत आकडे लिहून परत वाचून बघते. एक फेरी झाली की दुसरी. चूक सापडली तर लाल ओळ. मी काम संपलं की पंखा लावायची, हुश्श करून पलंगावर पडायची आणि एक फेरी चालवायची. एकदाही लाल ओळ आली नाही. मला वाटू लागलं की माझ्या डोक्यातच काहीतरी आहे. आई म्हणाली, "नजर लागली असेल," आणि मी तिच्यावर ओरडले, जे मी कधी करत नसे. त्या दिवशी सरबताचा पेला आला नाही.

त्यातल्या एका शुक्रवारी दुपारी पुन्हा फोन आला. या खेपेला मॅडमनी "प्लीज" म्हटलं नाही. मी फोन ठेवला आणि रागारागानं तपासणी सुरू केली. तासाभरात एक फेरी होईल, मग बंद करू, असा हिशेब. त्याच सुमाराला घरात शब्बाथची गडबड सुरू झाली होती. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत आमच्याकडे काम नसे. बाबा याबाबतीत थोडे सैल होते, कामाच्या पाळ्या असल्यावर व्हावंच लागतं, पण आत्याच्या खोलीत आत्याचा कायदा. तिथे शुक्रवारी दिवा लागला की कोणत्याही बटणाला हात लावायचा नाही. दिवा म्हणजे काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल तेल आणि वात, तो तिच्या कपाटावर. ज्योत हलू नये म्हणून ती आधी पंखा बंद करायची, खिडकी लावायची, आणि मग पंखा दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत बंदच. उन्हाळ्यात त्या रात्री ती हॉलमध्ये झोपायची. हे इतकी वर्षं चाललं होतं की मला त्यात वेगळं काही दिसतच नव्हतं.

आईनं हिरव्या वाटणाचं पापलेटाचं कालवण केलं होतं, नारळाच्या दुधातलं, त्याचा वास घरभर होता. मनुका भिजवून गाळलेलं सरबत किद्दूशसाठी, म्हणजे जेवणाआधीच्या आशीर्वादासाठी, तयार होतं. शनिवारी गॅस पेटत नसल्यामुळे दुसऱ्या दिवशीचंही शिजवायचं होतं आणि मी नारळ खवायला बसले होते. नारळ संपतो तोवर आत्यानं हाक मारली आणि मी गेले तेव्हा दिवा लागला होता. पंखा बंद होता. टेबलावर कॉम्प्युटर सुरू होता आणि आकडे पळत होते.

"आत्या, मला हे बंद करायचं होतं," मी म्हणाले.

"दिवा लागला."

"एकच बटण आहे."

"एकच बटण तर असतं प्रत्येकाला," आत्या म्हणाली. "चालू आहे ना? चालू राहू दे. मी काही त्याला बंद करत नाही, तूही करू नकोस."

"उद्या मला काम करायचंय. रविवारी फाईल द्यायची आहे."

"उद्या तुला काम करायचं नाहीये," ती म्हणाली. मग तिनं तिच्या भरतकामाचा एक टेबलक्लॉथ आणला आणि पडद्यावर टाकला. "सिनेमा चालल्यासारखं दिसतं ते दिव्याशेजारी."

मी जेवले नाही म्हटलं तरी चालेल. बाबा सरबताचा पेला हातात धरून आशीर्वाद म्हणत होते आणि मी आतल्या खोलीतल्या त्या डब्याचा विचार करत होते. मला वाटत होतं की या घरात माझ्या नोकरीची कुणाला पडलेली नाही. आत्याला तरी असायला हवी होती. मी इथे राहणार होते ती तिच्यासोबतच. शनिवारचा दिवस तर संपता संपेना. थंड कालवण, थंड भात, प्रार्थनेहून आल्यावर बाबांची झोप. मी दोनदा आत्याच्या खोलीत डोकावले. दारच उघडवत नव्हतं इतकं आत गरम होतं. बंद खिडकी, बंद पंखा आणि कालपासून चालणारं मशीन. टेबलक्लॉथला हात लावायची मनाई कुणी केली नव्हती, पण मी लावला नाही. आत्या हरल्यासारखं वाटू नये म्हणून नव्हे, मी हरल्यासारखं वाटू नये म्हणून.

संध्याकाळी आत्या गॅलरीत तारे बघायला गेली. तीन दिसले की शब्बाथ संपला. (आता विमानतळ सुरू झाल्यापासून तिला हे जड जातं. प्रत्येक ठिपका हलतोय का ते आधी बघावं लागतं. "हा हलला. हा विमान," असं म्हणत ती बराच वेळ उभी असते.) तिसरा दिसल्यावर तिनं आत येऊन मला फक्त मान हलवून खूण केली. मी खोलीत गेले आणि कापड ओढलं.

पडदा लाल होता. म्हणजे सगळा नाही, पण खालच्या अर्ध्यात ओळीखाली ओळ, सगळ्या लाल. वर लिहिलं होतं की सव्वीस फेऱ्या झाल्या. पहिल्या दोन स्वच्छ. तिसरीपासून चुका. मी पंख्याच्या बटणाकडे हात नेला आणि तिथेच थांबले. काम करताना मी पंखा बंद ठेवते. तपासताना मी पंखा लावून पडते. घरतच्या दुकानात तर एसी आहे. ते मशीन फक्त गरम झाल्यावर चुकत होतं, आणि इतके दिवस आम्ही सगळे त्याला आधी थंड करून मग तपासत होतो.

आत्या दारात उभी होती. मी तिला सांगितलं. तिनं लाल ओळी नीट चष्म्यातून पाहिल्या आणि म्हणाली, "मग मी काय केलं?"

"काही नाही," मी म्हणाले. "तू काहीच करू दिलं नाहीस."

सोमवारी मी बाबांना न सांगता निघाले. डबा उचलायला आत्या आली, म्हणजे रिक्षात तो मांडीवर धरायला. घरतनं आम्हाला बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

"मॅडम, परत?"

मी फोनमधले त्या लाल ओळींचे फोटो दाखवले. त्यानं ते मोठे करून पाहिले, खरंच नीट पाहिले, हे मला मान्य केलं पाहिजे. मग म्हणाला, "ही टेस्ट आमची नाय. भायेरच्या टेस्टवर क्लेम नाय होत." त्यानं मशीन लावलं, बटण दाबलं, चार मिनिटं गेली आणि पडदा वळवला. हिरव्या खुणा. "बघा. सगला पास हाय. आता मी काय करू?"

 मी फोटो पुढे धरून तशीच उभी राहिले. आत्या काउंटरशी सरकली.

"तुमचा कोड कोण देतं?" तिनं विचारलं.

"मशीन देते, मावशी. खराब असली का."

"आणि खराब असून दिला नाही तर?"

"तर मंग खराब नाय."

"मी जन्मभर शाळेत शिकवलं," आत्या म्हणाली. "वर्गात पाढे घडाघडा म्हणायचा आणि बाजारात सुटे पैसे मोजताना चुकायचा, असा एक तरी मुलगा दरवर्षी असायचा. त्याला वर्गात कितीदा विचारशील?"

घरत हसला. पण हसून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळणार होता, ते मला दिसलं, आणि मी बोलले. आधी इंग्रजीत, मग तेच पुन्हा मराठीत. म्हणाले की हे गरम झाल्यावर चुकतं, मी पंखा बंद ठेवून काम करते, तुमच्याकडे एसी आहे, तुमची टेस्ट चार मिनिटांची आहे, याला तापायला तीन तास लागतात. इतकं लांब वाक्य मी त्या दुकानातच काय, अनोळखी माणसासमोर कुठेच बोलले नव्हते. 

घरतनं माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच माझ्याकडे.

"तापल्यावर," तो म्हणाला. "आमच्या बापाच्या होडीचा इंजन असाच होता. करंजाला धक्क्यावर बांधलेली असली का एकदम झकास. मेकॅनिक येनार, चालू करून बघनार, कायच नाय झाला म्हननार, जानार. भर दर्यात दोन तास झाले का बंद."

"मग काय केलं?" आत्यानं विचारलं.

"बापानं एक दिवस मेकॅनिकलाच होडीत बसवला."

आत्या मोठ्यानं हसली. काउंटरवरची मुलगीही हसली. घरतनं मशीनची वायर काढली आणि विचारलं, "थांबाल का? येल लागंल."

त्यानं ते बाहेर नेलं. जिन्याच्या वरच्या गॅलरीत दुकानाच्या एसीचं बाहेरचं यंत्र होतं, आत गार करून बाहेर आग ओकणारं. त्यानं एक टेबल त्याच्या समोर ओढलं, मशीन त्या गरम वाऱ्यात ठेवलं आणि कंपनीचीच तपासणी लावली. चार मिनिटांची नव्हे, थांबवेपर्यंत चालत राहणारी. तीही होती त्यात. इतके दिवस होती. त्याला ती चालवायला वेळ नव्हता आणि मला ती आहे हे माहीत नव्हतं. आम्हाला दोन प्लास्टिकचे स्टूल मिळाले. घरत मधूनमधून येऊन बघून जायचा. आत्या त्याच्याशी बोलायची, मी आकडे बघायची.

"मावशी, तुमी कोन? ख्रिश्चन काय?"

"ज्यू," आत्या म्हणाली. "बेने इस्रायल."

"मासली खाता?"

"खातो की. खवलेवाली. कोळंबी, खेकडा नाही."

"करंजाची कोलंबी नाय खात?" घरतला खरंच वाईट वाटलं. "मंग रायता कशाला इकडं?"

  आत्याचं तिनं ठरवलेलं होतं, माझं एका पडद्यावर येणाऱ्या उत्तरावर टांगलेलं होतं, आणि ते पडद्यावर येत नव्हतं. पहिला तास गेला. चहा आला. गरम वाऱ्यानं आत्याचे केस विस्कटले होते आणि माझा कुर्ता पाठीला चिकटला होता. मला एकाएकी भीती वाटली की या मशीनला माणसांसमोर चुकायचंच नाहीये. दुसरा तास संपत आला आणि मेमरीच्या ओळीपुढची हिरवी खूण गेली. तिथे लाल अक्षरं आली आणि खाली तो कोड. आकडे आणि अक्षरं मिळून एवढा लांब की घरतला दोन ओळींत लिहावा लागला. तो लिहिताना मी मोठ्यानं वाचत होते आणि तो माझ्यामागून एकेक अक्षर म्हणत होता.

नंतर त्यानं मशीन उघडलं. आत मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या. त्यानं एकच ठेवून तपासणी लावली, अर्ध्या तासानं ती काढून दुसरी लावली, मग जागा बदलून पुन्हा. दुसरी पट्टी कुठल्याही खाचेत बसवली तरी लाल यायचं. "खाच बरोबर हाय, पट्टी खराब," तो म्हणाला आणि ती माझ्या तळहातावर ठेवली. बोटभर लांबीची हिरवी पट्टी, काळे चौकोन. त्यातल्या एकाच चौकोनातली एखादीच जागा. मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या मनात फक्त एवढंच आलं की मी किती जणांची माफी मागितली आणि ती कशासाठी. घरत म्हणाला, "सॉरी मॅडम. पहिल्या दिवशीच लावायला पायजे होती." मी म्हणाले, "हो." त्याला बरं वाटावं असं काही बोलायची मला इच्छा झाली नाही.

नवी पट्टी यायला आठवडा होता. त्या संध्याकाळी मी मॅडमना लांब ईमेल लिहिलं. फोटो जोडले, कोड लिहिला, कोणत्या फाईली कशा बिघडल्या ते तारीखवार मांडलं. वकिलानं लिहावं तसं. दोन दिवसांनी तीन ओळींचं उत्तर आलं. समजावून सांगितल्याबद्दल आभार, घरून काम करणाऱ्यानं आपलं यंत्र सुस्थितीत ठेवणं ही त्याची जबाबदारी असते, आणि तुमची नेमणूक या महिनाअखेर संपेल. मी ते आत्याला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "म्हणजे तिनं फोटो बघितले का?" मी म्हणाले, "बघितले असतील." त्यानं काही फरक पडणार नव्हता, हे आम्हाला दोघींना एकदमच समजलं. मशीन दोषी ठरलं होतं आणि नोकरी तरीही गेली होती. आजही कुणी मला म्हणतं की खरं कारण सापडलं की प्रश्न सुटतो, तेव्हा मला ते तीन ओळींचं उत्तर आठवतं.

रविवारी सकाळी बाबांनी जेवणाच्या टेबलावर अश्दोदची कागदपत्रं काढली. प्रत्येकाचा वेगळा अर्ज होता. माझा त्यांनी पेन्सिलनं भरून ठेवला होता, बाबांच्या त्या सरळ, प्लांटमधल्या नोंदवहीत लिहिल्यासारख्या अक्षरात. आई पोळ्या लाटत होती. आत्या शिवणाच्या मशीनवर परकराला पट्टी लावत होती, म्हणजे लावायचं सोंग करत होती, कारण मशीनचा आवाज येत नव्हता.

"घरतचा फोन आला होता," बाबा म्हणाले. "त्याच्याकडे माझा नंबर आहे ना. म्हणाला, तुमची मुलगी बरोबर होती." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी त्या दिवशी त्याचं खरं मानायला नको होतं."

"काही हरकत नाही," मी म्हणाले.

"हरकत आहे. पण ते राहू दे. आता नोकरीचं तर..." ते थांबले. "आपलं ठरलं होतं तसं. ह्याच्यावर पेननं फिरवून सही कर."

मी अर्ज पुढे ओढला. माझं नाव, जन्मतारीख, शिक्षण, सगळं बरोबर होतं. मला दुसरी नोकरी शोधायला मुदत मागता आली असती, आणि बाबांनी ती दिली असती. सहा महिने, मग आणखी सहा. मी तेच बोलायला तोंड उघडलं होतं.

"बाबा, मला यायचं नाहीये," मी म्हणाले.

"नोकरी गेली म्हणून..."

"नोकरीचा संबंध नाही. असती तरी आणि नसती तरी. मला पहिल्यापासूनच यायचं नव्हतं."

आईचं लाटणं थांबलं.

"मग तेव्हा का नाही बोललीस?" बाबांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. मला वाटतं त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं.

"राहायला कारण लागेल असं वाटलं."

 आई बोटांचं पीठ झाडत दाराशी आली आणि म्हणाली, "मला माहीत होतं," आणि डोळ्यांना पदर लावून परत आत गेली. बाबांनी विचारलं, मी राहणार कशावर. मी म्हणाले, बघेन. आत्याला वाटलं असेल की आता आपण काही बोलावं, पण ती बोलली नाही, आणि त्याबद्दल मी तिची अजून ऋणी आहे. मग बाबांनी खिशातलं पेन काढून माझ्यापुढे ठेवलं.

"तूच लिही," ते म्हणाले. "नाही येणार म्हणून. माझ्या हातानं ते लिहिलं जाणार नाही."

मी अर्जाच्या खालच्या रिकाम्या जागेत एक ओळ लिहिली आणि सही केली. बाबांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, आणि तारीख घालायची राहिली होती म्हणून कागद परत माझ्याकडे सरकवला.